प्रत्येक डीबीचा हिशेब: ऑप्टिकल कम्युनिकेशन आणि फोटॉनिक्समध्ये येणाऱ्यांसाठी

घरोघरी फायबर नेणाऱ्या जीपॉन या जाळ्याच्या बी-प्लस वर्गात प्रकाशाला वाटेत जास्तीत जास्त २८ डीबी (डेसिबल; दर १० डीबीला प्रकाशाचा दहावा हिस्सा उरतो) गमावायची मुभा असते. त्यातले साधारण १७ डीबी एकाचे बत्तीस फाटे करणारा स्प्लिटरच खातो. बत्तीस वाटे केल्याचे १५ डीबी गणितानंच जातात, वरचे दोन स्प्लिटरच्या घडणीतले. २० किलोमीटर फायबरचे, १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ या दरानं, ७ डीबी. चार कनेक्टरांचे प्रत्येकी ०.३ धरून १.२ आणि दहा स्प्लाइसांचे, म्हणजे वितळवून केलेल्या कायमच्या जोडांचे, प्रत्येकी ०.०५ धरून अर्धा. बेरीज २५.७. हातात उरले २.३. आता एका कनेक्टरच्या तोंडावर बोटाचा तेलकट डाग असला, तर त्यातले एक-दोन डीबी सहज जातात. मग ती जोडणी कधी चालते आणि कधी रुसते, ते कुणालाच कळत नाही.

हिशेब शाळकरी वाटेल. पण समुद्राखालची केबल असो, डेटा सेंटरमधलं बोटभर मॉड्यूल असो की सिलिकॉनच्या चिपवरचा वेव्हगाइड (प्रकाशाची वाट), या क्षेत्रातली बहुतेक कामं म्हणजे याच वहीतले वेगवेगळे रकाने. म्हणून "फोटॉनिक्समध्ये नेमकं काय करू?" असं कुणी विचारलं, की माझा उलट प्रश्न असतो: कोणता डीबी वाचवायची जबाबदारी घ्यायला आवडेल? फायबरमध्ये जाणारा, अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉइजमध्ये जाणारा, गणितानं परत मिळवता येणारा, की चिपच्या काठावर सांडणारा? उत्तरानुसार अभ्यास बदलतो, हाताखालची उपकरणं बदलतात आणि पुढची नोकरीही.

काचेतून दूरवर संदेश धाडता येईल, हे १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहम यांनी मांडलं, तेव्हा त्यांनीही आकडाच पुढे ठेवला होता. लॉस, म्हणजे वाटेत गमावलेला प्रकाश, किलोमीटरला २० डीबीपर्यंत खाली आणता आला, तर काच कामाची. २० डीबी म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरणं. १९७० मध्ये कॉर्निंगच्या माउरर, केक आणि शुल्त्झ यांनी १७ डीबी गाठले. आजचा साधा जी.६५२ फायबर १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डीबीच्या आसपास घेतो. तेच २० डीबी जायला आता शंभर किलोमीटर लागतात. काओंना २००९ चं नोबेल मिळालं, ते याच पायाभूत कामासाठी.

आधी हात, मग सिद्धांत

ही माझी ठाम पसंती आहे आणि तिला विरोध करणारे प्राध्यापक बरेच आहेत. सिम्युलेशनपासून सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याला लॅबमध्ये पहिला महिना आकडे का जुळत नाहीत हेच उमगत नाही. कारण बहुतेक वेळा कनेक्टर असतो.

सिंगल मोड फायबरचा कोर सुमारे ९ मायक्रॉन, त्याभोवतीची काच १२५ मायक्रॉन आणि वरचं कोटिंग २५० मायक्रॉन. दोन कोर एकमेकांपासून १ मायक्रॉन सरकले, तर १५५० नॅनोमीटरला साधारण ०.१६ डीबी जातात. २ मायक्रॉन सरकले, तर ०.६४. सरकणं दुप्पट, तर लॉस चौपट. धुळीचा एक कण याहून मोठा असतो. म्हणून नियम असा की जोडण्याआधी दोन्ही तोंडं मायक्रोस्कोपखाली बघायची. पॅच कॉर्डचं तोंड सगळे पुसतात, उपकरणाच्या आत बसलेलं तोंड कुणी बघत नाही, आणि घाण तिथूनच प्रत्येक नव्या कॉर्डला लागत जाते. आधी कोरडा क्लिक क्लीनर. डाग हटला नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेला, धागे न सुटणारा कागद आणि लगेच पुन्हा कोरडा. अल्कोहोल तसंच वाळू दिलं, तर त्याचा थर उरतो. शंभरेक मिलिवॉट वाहत असताना घाणेरडा जोड लावला, तर कण तिथंच जळून काचेत खड्डा पडतो आणि मग पुसण्याचा प्रश्नच संपतो.

हिरवा कनेक्टर एपीसी, त्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं. निळा यूपीसी, सरळ तोंडाचा. दोन्ही एकाच अडॅप्टरमध्ये बसतात, हीच पंचाईत आहे. मध्ये हवेची फट राहते, कित्येक डीबी जातात, परावर्तन वाढतं आणि तोंडांना चरे पडतात. लॉस विचित्र दिसला की आधी रंग बघावा.

स्प्लाइस करताना संरक्षक स्लीव्ह आधी फायबरवर ओवून ठेवायची. जोड झाल्यावर ती घालता येत नाही आणि ही चूक प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी करतोच. मग कोटिंग सोलायचं, अल्कोहोलनं पुसायचं आणि क्लीव्ह करायचं, म्हणजे फायबर सरळ तोडायचा. पुसणं क्लीव्हच्या आधी, नंतर नाही, नाहीतर ताज्या तोंडावर पुन्हा कचरा बसतो. क्लीव्हचा कोन एक अंशाच्या आत हवा. एकाच जातीच्या फायबरांत ०.०२ ते ०.०५ डीबीचा जोड नेहमीचा आहे. स्प्लायसरच्या पडद्यावर दिसणारा लॉस मात्र मोजलेला नसतो, कॅमेऱ्यातल्या चित्रावरून बांधलेला अंदाज असतो. खरा आकडा पॉवर मीटर किंवा ओटीडीआर (फायबरमध्ये पल्स सोडून मागे विखुरलेल्या प्रकाशावरून लॉस मोजणारं उपकरण) देतो.

ओटीडीआर वाचता येणं ही नोकरीच्या दृष्टीनं फार मोलाची आणि शिकायला स्वस्त अशी गोष्ट. १० नॅनोसेकंदांचा पल्स म्हणजे सुमारे १ मीटरचा ठसा, १० मायक्रोसेकंदांचा म्हणजे १ किलोमीटरचा. दूरचं बघायला रुंद पल्स लागतो आणि मग जवळजवळचे दोन जोड एकात मिसळतात. पहिला कनेक्टर उपकरणाच्या आंधळ्या पट्ट्यात लपू नये म्हणून पुढे काहीशे मीटरची लाँच केबल जोडायची. कधी आलेखात जोडापाशी पॉवर चक्क वाढलेली दिसते. तिथं ऊर्जा निर्माण होत नाही. पुढच्या फायबरमधून प्रकाश जास्त प्रमाणात मागे विखुरतो, एवढंच. दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढली की खरा लॉस मिळतो. आणि १५५० ला लॉस १३१० पेक्षा ठळकपणे जास्त दिसला, तर फायबर कुठेतरी दुमडलाय असं समजावं. दोन्हींवर सारखाच दिसला, तर जोड किंवा घाण.

सुरक्षेचं एकच सांगतो, कारण बाकीचं प्रत्येक लॅब शिकवते. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. फायबरमध्ये "काही येतंय का" हे डोळा लावून बघणं हा मूर्खपणा आहे. पॉवर मीटर त्यासाठीच असतो.

नॉइजचा रकाना

एर्बियमचा फायबर अ‍ॅम्प्लिफायर १९८७ मध्ये साउथहॅम्प्टनच्या डेव्हिड पेन यांच्या गटानं आणि बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्विर यांनी दाखवला आणि लांब पल्ल्याचा धंदाच बदलला. ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा पंप (ऊर्जा पुरवणारा लेझर), १५३० ते १५६५ मधले सगळे चॅनेल एकदम वाढवायचे. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचा नॉइज घालतो आणि तो परत काढता येत नाही. १५५० ला, ०.१ नॅनोमीटरच्या संदर्भपट्ट्यात, सारख्या स्पॅनांच्या (दोन अ‍ॅम्प्लिफायरांमधल्या फायबरच्या तुकड्यांच्या) साखळीचं सूत्र पाठच असावं. ओएसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते) म्हणजे ५८ अधिक प्रत्येक चॅनेलची लाँच पॉवर (फायबरमध्ये सोडलेली), वजा स्पॅनचा लॉस, वजा नॉइज फिगर (अ‍ॅम्प्लिफायर किती नॉइज घालतो ते), वजा स्पॅनांच्या संख्येच्या लॉगची दहापट. सगळं डीबी आणि डीबीएममध्ये (एक मिलिवॉटच्या तुलनेतली पॉवर).

लाँच ० डीबीएम, स्पॅन २० डीबीचा, नॉइज फिगर ५, स्पॅन १०. ओएसएनआर आला २३. आता प्रत्येक स्पॅनमध्ये निष्काळजीपणाचा १ डीबी वाढला, तर तो २२ वर येतो. पुन्हा २३ हवे असतील, तर दहाऐवजी आठच स्पॅन चालवावे लागतील. एका डीबीनं पल्ल्याचा पाचवा हिस्सा खाल्ला. हे गणित मुलाखतीत कागदावर करून दाखवता येणाऱ्या उमेदवाराला पुढे फारसे प्रश्न येत नाहीत.

मग लाँच पॉवर वाढवत का नाही? कारण काच सरळ वागत नाही. पॉवर वाढली की तिचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि चॅनेल एकमेकांत गोंधळ घालू लागतात. हा अरेषीय नॉइज पॉवरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सर्वोत्तम बिंदू असतो तिथं जिथं तो अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉइजच्या निम्मा भरतो. या बिंदूपासून १ डीबी इकडेतिकडे झालं, तर नुकसान पाव डीबीच्या आत. ३ डीबी खाली राहिलात तर दीड डीबी जातो, ३ डीबी वर गेलात तर २.२. म्हणून शंका असेल तेव्हा किंचित खालीच राहावं. जीएनपाय नावाचं पायथनमधलं खुलं साधन याच मॉडेलवर उभं आहे. ते उघडून एक पाच-सहा नोडांचं जाळं बांधून बघावं, नेटवर्क प्लॅनिंगच्या कामाची चव लगेच कळते.

एर्बियम अ‍ॅम्प्लिफायरचा एक खोडसाळपणा इथंच सांगून ठेवतो. पंप चालू ठेवून इनपुट काढला, की एर्बियममध्ये ऊर्जा साठत जाते. इनपुट परत लावला, की साठलेली सगळी पहिल्या क्षणी बाहेर पडते आणि पुढचा फोटोडायोड जातो. नवीन माणसाच्या हातून जाणाऱ्या रिसिव्हरांपैकी बरेच असे जातात. क्रम पक्का ठेवावा: आधी पंप बंद, मग जोडणी बदल, इनपुट आहे याची खात्री, मग पंप हळूहळू वर. आणि रिसिव्हरच्या आधी अ‍ॅटेन्युएटर.

गणितानं परत मिळवलेले डीबी

जी.६५२ फायबरमध्ये १५५० ला डिस्पर्शन, म्हणजे तरंगलांबीनुसार वेग बदलल्यानं सिग्नल पसरणं, नॅनोमीटर-किलोमीटरमागे १७ पिकोसेकंद. २००० किलोमीटरला ३४,००० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. ३२ गिगाबॉडचा (सेकंदाला ३२ अब्ज सिम्बॉल, म्हणजे खुणा, पाठवणारा) सिग्नल सुमारे ०.२६ नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे एक सिम्बॉल पसरून आजूबाजूच्या पावणेतीनशे सिम्बॉलांत मिसळतो. कोहेरंट रिसिव्हर प्रकाशाची फक्त तीव्रता न मोजता फेजसकट संपूर्ण क्षेत्र टिपतो, म्हणून हे सगळं डिजिटल फिल्टरनं उलगडता येतं. पूर्वी वाटेत बसवावे लागणारे डिस्पर्शन भरून काढणाऱ्या फायबरचे रीळ त्यामुळे गेले.

सिग्नल प्रोसेसिंग आवडणाऱ्यांसाठी ही सर्वांत सुपीक जागा आहे आणि इथं घरबसल्या सुरुवात करता येते. पायथन किंवा मॅटलॅबमध्ये दोन ध्रुवीकरणांवर क्यूपीएसके (फेजच्या चार स्थितींत भरलेला डेटा) बनवा: ३२ गिगाबॉड, सिम्बॉलमागे दोन नमुने, रूट-रेझ्ड-कोसाइन फिल्टर, रोल-ऑफ ०.१. त्यावर ८० किलोमीटरचं डिस्पर्शन चढवा, ध्रुवीकरण कुठल्याही कोनात फिरवा, दोन लेझरांत २०० मेगाहर्ट्झचा फरक टाका, दोघांची लाइनविड्थ १०० किलोहर्ट्झ ठेवा आणि शेवटी नॉइज. मग रिसिव्हर लिहा: आधी चार वाटांमधला वेळेचा फरक आणि असमतोल काढायचा, मग डिस्पर्शन, मग वेळ जुळवणं, मग दोन-बाय-दोन अ‍ॅडॅप्टिव्ह इक्वलायझर साधारण पंधरा-वीस टॅपांचा, मग फ्रिक्वेन्सीतला फरक, मग फेज, आणि निर्णय.

बिघडणार कुठं, तेही ठरलेलं आहे. कॉन्स्टंट मोड्यूलस अल्गोरिदम वापरलात, तर दोन्ही आउटपुट एकाच ध्रुवीकरणावर जाऊन बसू शकतात. आकृती सुंदर दिसते, चार टिपके स्वच्छ, पण दुसरा डेटा हरवलेला असतो. उपाय म्हणजे पहिला आउटपुट स्थिरावू द्यायचा आणि दुसऱ्याचे टॅप त्याला काटकोनात ठेवून सुरू करायचे. फ्रिक्वेन्सीतला फरक चौथ्या घाताच्या पद्धतीनं काढला, तर सिम्बॉल रेटच्या एक-अष्टमांशापुढे उत्तर फसतं, म्हणजे इथं ४ गिगाहर्ट्झपुढे. फेज ९० अंशांनी घसरली, की तिथून पुढचे सगळे बिट चुकतात. डिफरेन्शियल कोडिंग किंवा मधूनमधून पायलट सिम्बॉल नसतील, तर एरर रेट अचानक आकाशाला भिडतो आणि माणूस नॉइजमध्ये चूक शोधत बसतो.

न्यूरल नेटवर्कचा इक्वलायझर करणाऱ्यांनी तर कान उघडे ठेवावेत. चाचणीसाठी छोटा पीआरबीएस (यादृच्छिक भासणारा, पण पुन्हा पुन्हा तोच येणारा) पॅटर्न वापरला, तर नेटवर्क चॅनेल शिकत नाही, पॅटर्नच पाठ करतं आणि दोन डीबीचा नफा दाखवतं. तो नफा खऱ्या डेटावर शून्य. प्रशिक्षण आणि चाचणी वेगवेगळ्या, लांब, खऱ्या यादृच्छिक क्रमांवर करा. या एका चुकीवर बेतलेले निष्कर्ष छापूनही आले आहेत.

एरर मोजण्याचाही हिशेब असतो. एकही चूक दिसली नाही, म्हणजे एरर रेट शून्य नव्हे. तीनला न चुकता गेलेल्या बिटांच्या संख्येनं भागलं, की ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. एक लाख कोटी बिटांत एकाहून कमी चूक, असं म्हणायचं असेल तर तीन लाख कोटी बिट बघावे लागतात. १० गिगाबिटला ५ मिनिटं. सिम्युलेशनमध्ये इतके बिट चालवणं शक्यच नसतं, म्हणून तिथं एफईसीच्या (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडच्या) उंबरठ्याजवळ, हजारात किंवा शंभरात एकाच्या आसपास मोजतात आणि निदान शंभर चुका जमेपर्यंत थांबतात.

चिपवर येणाऱ्यांसाठी

सिलिकॉन फोटॉनिक्सची सध्या इतकी चर्चा आहे, की या वाटेनं येणाऱ्यांना त्यातला कंटाळाही सांगायला हवा. डिझाइन पाठवल्यापासून चिप हातात यायला कित्येक महिने जातात. इमेक, सीईए-लेटी, एआयएम फोटॉनिक्स, कॉर्नरस्टोन अशा ठिकाणी अनेक गटांची डिझाइनं एकाच वेफरवर छापली जातात. चार वर्षांच्या पीएचडीत अशा मोजक्याच फेऱ्या मिळतात. एक फेरी वाया गेली, तर वर्षाचा मोठा तुकडा गेला.

आकडे असे. सिलिकॉनचा थर बहुधा २२० नॅनोमीटर जाडीचा, वेव्हगाइड ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद, लॉस सेंटिमीटरला दोनेक डीबी. किलोमीटरला नव्हे, सेंटिमीटरला. फायबरच्या जगातून आलेल्याला इथं पहिला धक्का बसतो. वरून प्रकाश घालणारा ग्रेटिंग कप्लर एका बाजूला ३ ते ५ डीबी खातो. आत-बाहेर मिळून चिपनं काही करायच्या आधीच ८ डीबी गेलेले असू शकतात. वेव्हगाइडची रुंदी एका नॅनोमीटरनं चुकली, तर रिंगचा (गोल वेव्हगाइडच्या फिल्टरचा) रेझोनन्सही साधारण तेवढाच सरकतो, आणि जाडीची चूक त्याहून महाग पडते. तापमान एका अंशानं वाढलं, की ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर. दहा अंशांत जवळपास १०० गिगाहर्ट्झ, म्हणजे रिंग शेजारच्या चॅनेलवर जाऊन बसते. त्यामुळे प्रत्येक रिंगवर हीटर, प्रत्येक हीटरला तार, आणि प्रत्येक तारेला नियंत्रण. शंभर रिंगांची चिप ही अर्धी इलेक्ट्रॉनिक्सची समस्या आहे.

लेआउट पाठवायच्या आधी चाचणीच्या रचना टाकल्या आहेत ना, ते बघावं. दोन कप्लर नुसते एकमेकांना जोडलेले, म्हणजे कप्लरचा लॉस वेगळा काढता येतो. एक, दोन आणि चार सेंटिमीटरचे सर्पिल, म्हणजे रेषेच्या उतारावरून वेव्हगाइडचा लॉस मिळतो. त्यांच्याशिवाय मोजलेला आकडा कुणाच्या नावावर टाकायचा तेच कळत नाही. फायबर अ‍ॅरेचं अंतर १२७ की २५० मायक्रॉन, हे लॅबमधल्या खऱ्या अ‍ॅरेवर तपासावं. इलेक्ट्रिकल पॅड फायबरच्या खालीच ठेवले, तर प्रोब आणि फायबर एकमेकांवर आदळतात. सगळे कप्लर एकाच दिशेला तोंड करून हवेत. या चुका डिझाइन रूल चेक पकडत नाही, कारण नियमांच्या दृष्टीनं त्या चुका नाहीतच. केलेआउट, जीडीएसफॅक्टरी आणि मीप ही तिन्ही साधनं फुकट आहेत. यावर हात बसवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मोजमापात आलेख लाटालाटांचा दिसला, तर त्याला गुळगुळीत करून टाकायची घाई नको. लाटांमधलं अंतर कुठल्या दोन परावर्तनांमुळे ते सांगतं. ग्रुप इंडेक्स (वेव्हगाइडमध्ये पल्स किती पट हळू जातो ते) ४.२ धरला, तर १ मिलिमीटरच्या पोकळीला लाटांचं अंतर सुमारे ०.२९ नॅनोमीटर येतं. यावरून उलट हिशेब करून चिपवर दोषी जागा शोधता येते.

ज्या नोकऱ्यांचं कुणी बोलत नाही

मॉड्युलेटर डिझाइन आणि कोहेरंट अल्गोरिदम यांच्याकडे झुंबड असते. पॅकेजिंगकडे कुणी बघत नाही, आणि माणसं मिळत नाहीत ती नेमकी तिथंच. फोटॉनिक उत्पादनाच्या खर्चाचा मोठा वाटा जोडणी आणि चाचणीत जातो. लेझरचा प्रकाश चिपमध्ये उतरवायला मायक्रॉनच्या आतली जुळणी लागते. गोंद लावताना ती जुळलेली असते, तो कडक होताना आकसतो आणि फायबर सरकतो. कुठला गोंद, किती थेंब, दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, अतिनील प्रकाशात किती सेकंद आणि मग भट्टीत किती तास, यावर उत्पादनाचा नफातोटा ठरतो. पुढे टेलकॉर्डियाच्या जीआर-४६८ सारख्या कसोट्या येतात. ८५ अंश सेल्सियस आणि ८५ टक्के आर्द्रतेत उपकरण आठवडेच्या आठवडे ठेवायचं, तापमानाचे फेरे द्यायचे आणि किती डीबी घसरले ते बघायचं. यांत्रिकी किंवा मटेरियल्स शिकलेल्यांनी ही वाट गांभीर्यानं घ्यावी. यांत्रिकीचं ज्ञान असलेला फोटॉनिक्सवाला दुर्मीळ असतो.

टेस्ट ऑटोमेशन तसंच. पायथनमधून लेझर, पॉवर मीटर आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर चालवता येणारा माणूस पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडतो. उपकरणाला हुकूम दिल्यावर त्यानं तो पूर्ण केल्याचं उत्तर न तपासता पुढचा आकडा वाचणं, ही या कामातली सर्वांत सामान्य चूक. लेझर अजून जुन्या तरंगलांबीवर असतो आणि आलेख एका पायरीनं सरकतो.

डेटा सेंटरची बाजू वेगानं वाढते आहे. तिथं लांबी मीटरांत किंवा फार तर काही किलोमीटरांत आणि सगळी मारामारी वीज, किंमत आणि जागेची. चार पातळ्यांच्या पॅम-४ मध्ये सिग्नलच्या आलेखातल्या ‘डोळ्या’ची (दोन पातळ्यांमधल्या मोकळ्या जागेची) उंची एक तृतीयांश होते, म्हणजे ऑप्टिकल पॉवरमध्ये ४.८ डीबीचा दंड, आणि तो एफईसीच्या भरवशावर सोसला जातो. स्विचच्या चिपशेजारीच ऑप्टिक्स बसवण्याची को-पॅकेज्ड रचना विजेसाठीच आणली जाते आहे. उष्णता लेझरला सोसत नाही म्हणून तिथं तो बहुधा वेगळ्या, बदलता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवतात. हे काम करायचं, तर हाय-स्पीड इलेक्ट्रॉनिक्स आणि सिग्नल इंटिग्रिटी आलीच पाहिजे. निव्वळ ऑप्टिक्सवर भागत नाही.

एक इशारा. हा धंदा लाटांचा आहे. २००१ च्या सुमारास दूरसंचाराचा फुगा फुटला, तेव्हा भल्याभल्या कंपन्यांनी माणसं कमी केली. एकाच उत्पादनाला चिकटलेलं कौशल्य अशा वेळी बुडतं. मोजमाप, सिग्नल प्रोसेसिंग आणि अचूक जुळणी लिडारमध्येही चालते, वैद्यकीय इमेजिंगमध्येही आणि क्वांटम प्रयोगशाळांमध्येही.

संशोधनाची दिशा आणि मार्गदर्शक

जिथं अजून खूप डीबी शिल्लक आहेत तिथं संशोधन जिवंत असतं. हॉलो-कोर फायबरमध्ये प्रकाश काचेतून न जाता हवेतून जातो. किलोमीटरला ४.९ ऐवजी ३.३ मायक्रोसेकंद लागतात आणि २०२५ मध्ये साउथहॅम्प्टन-मायक्रोसॉफ्ट गटानं ०.०९१ डीबी प्रति किलोमीटर हा आकडा प्रसिद्ध केला, नेहमीच्या काचेच्या फायबरच्या निम्म्याहून कमी. पण त्याला साध्या फायबरशी जोडणं, मैलोन्‌मैल सारखा ओढणं आणि आतला वायू सांभाळणं, इथं भरपूर काम पडलं आहे. पातळ थराच्या लिथियम नायोबेटचे मॉड्युलेटर, अनेक कोरांचे फायबर, सी-पट्ट्याबाहेरचे (१५३० ते १५६५ नॅनोमीटरबाहेरचे) अ‍ॅम्प्लिफायर, हेही तसेच. उलट, प्रस्थापित कोहेरंट अल्गोरिदममध्ये ०.१ डीबीची सुधारणा हा पीएचडीचा विषय म्हणून मला आता कोरडा वाटतो. कंपन्यांचे चिप डिझायनर तिथं विद्यार्थ्यांच्या कितीतरी पुढे आहेत.

ओएफसी आणि ईसीओसी या दोन परिषदांतले विक्रमी प्रयोग वाचताना चार गोष्टी आधी शोधाव्यात. सांगितलेला वेग एफईसी वजा करून आहे की धरून. एररचा कुठला उंबरठा धरला. पाठवणारा आणि घेणारा यांनी एकच लेझर वापरला का, कारण मग फ्रिक्वेन्सी आणि फेजची अर्धी अडचण गायब होते. आणि प्रोसेसिंग नंतर संगणकावर केलं की त्याच क्षणी. यांतलं काही लबाडी नाही, पण आपलं काम त्या आकड्याशी ताडताना हे ठाऊक नसेल तर निराशाच पदरी पडते.

मार्गदर्शक निवडताना परिषदेतल्या पदांपेक्षा लॅबचा हिशेब विचारा. वेगवान ऑसिलोस्कोप किती जणांत वाटला जातो? चिप कुठून येते आणि शेवटची फेरी केव्हा गेली? मागच्या तीन विद्यार्थ्यांचे पहिल्या नावाचे पेपर कोणते आणि ते आता कुठे आहेत? प्रयोग बिघडला की दुरुस्त कोण करतं, विद्यार्थी की तंत्रज्ञ? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "विद्यार्थी" असेल, तर तिथं वेळ जास्त जातो, पण नोकरीला लागणारं शिक्षणही तिथंच होतं.

अर्ज करताना "सिलिकॉन फोटॉनिक्सवर काम केलं" या ओळीचा उपयोग नाही. "२२० नॅनोमीटर थरावर रिंग फिल्टर, फायबर ते फायबर लॉस ११ डीबी, त्यातले ८ कप्लरचे, उरलेल्यांचा हिशेब जोडलेल्या आलेखात" अशी ओळ लिहा, अर्थात आकडे तुमचे. मुलाखतीला असा एकच आलेख न्या आणि त्यातला प्रत्येक चढउतार तोंडपाठ ठेवा. "इथं हा खड्डा का आहे?" हा प्रश्न येणारच. कोडच्या रिपॉझिटरीत कच्चा डेटा, लेझरची आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरची सेटिंग्ज, रिझोल्युशन, लॅबचं तापमान आणि वापरलेल्या पॅच कॉर्डचा क्रमांक, हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक मोजमापाशेजारी ठेवा. सहा महिन्यांनी पेपरचे परीक्षक विचारतील, तेव्हा शोधाशोध त्याच फाइलमध्ये करायची असते.